सहा पॉइंट चार मीटरची रेघ आणि माझे शनिवार

२०२२ चा एप्रिल, शनिवार, सकाळचे साडेअकरा वगैरे झाले असतील. ओव्हलच्या, म्हंजे मैदानाच्या, कुंपणाला गाडीचं नाक लावून मी आत बसले होते, थर्मासमधला चहा पीत. मुलीची नेटबॉलची मॅच केव्हाच झाली होती पण तिला मैत्रिणींबरोबर शेवटच्या मॅचपर्यंत थांबायचं असायचं, त्यामुळं माझे सगळे शनिवार असे गाडीतच जायचे. काचेवर टकटक झाली. क्लबच्या सेक्रेटरी बाई, हातात घडी घातलेला पांढरा कोट आणि दोन झेंडे. रिझर्व्हच्या, म्हंजे क्लबच्या दुसऱ्या टीमच्या, मॅचला आपल्याकडून उभा राहणारा गोल अंपायर, खांबांपाशी उभा राहून गोल झाला की नाही ते सांगणारा, आजारी पडलाय, अर्ध्या तासात मॅच आहे, तू उभी राहशील का?

मी सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळं २०१७ ला आम्ही ऑस्ट्रेलियात बेंडिगोला आलो, मी इथं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पाच वर्षांत शेजारीपाजारी ओळखीचे झाले होते, कामावर सगळे चांगलेच वागायचे, पण कुणी आपल्याकडं येऊन "तुझ्यावाचून अडलंय" म्हणावं असं एकदाही झालं नव्हतं. म्हणून मी हो म्हणाले. खेळ कळत होता म्हणून नव्हे, मला तेव्हा फुटीतलं, म्हंजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधलं, ओ की ठो माहीत नव्हतं.

आधी लीगबद्दल सांगते म्हंजे पुढचं नीट कळेल. लॉडन व्हॅली फुटबॉल नेटबॉल लीग. टीव्हीवर दिसते ती एएफएल, या खेळाची देशातली सगळ्यात मोठी लीग, मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर लाखभर लोकांसमोर चालणारी, ही ती नव्हे. ही बेंडिगोच्या उत्तरेला आणि पश्चिमेला पसरलेल्या गावांची लीग, मी आले तेव्हा नऊ क्लब होते, ब्रिजवॉटर, इंगलवूड, न्यूब्रिज, मारॉन्ग, मेडन गली, सर्पेंटाइन, कॅलिव्हिल, मिटियामो, पिरॅमिड हिल. यातली काही गावं एवढीशी की गव्हाचा सायलो, म्हंजे उंच कोठार, एक पब, एक हॉल आणि ओव्हल, संपलं गाव. पण शनिवारी त्याच ओव्हलभोवती गाड्यांची गोल रांग लागते, सगळ्यांची तोंडं आत मैदानाकडं, आणि आपल्या टीमनं गोल केला की सगळ्या गाड्या एकदम हॉर्न वाजवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं काहीतरी अपघातच झाला.

खेळ इथला, याच मातीतला. क्रिकेटवाल्यांनी थंडीत अंग मोकळं ठेवायला काहीतरी खेळावं असं टॉम विल्स नावाच्या क्रिकेटरनं १८५८ साली सुचवलं आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नला नियम लिहून काढले. आमच्या बेंडिगोच्या दक्षिणेला कॅसलमेन आहे, तिथला क्लब १८५९ चा. आपल्याकडं बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. क्रिकेटच्याच मैदानावर खेळायचं म्हणून मैदान लंबगोल, एका बाजूला अठरा खेळाडू, बॉल पण लंबगोल, लाल चामड्याचा. हातानं फेकायचा नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं मारायचा किंवा पायानं लाथाडायचा. लाथाडलेला बॉल कुणी हवेत स्वच्छ झेलला तर तो मार्क, मग त्याला निवांत किक मिळते.

आणि दोन्ही टोकांना चार चार खांब. मधले दोन उंच, त्यांच्यामधलं अंतर सहा पॉइंट चार मीटर, बाजूचे दोन बुटके, तेही तेवढ्याच अंतरावर. मधल्या दोघांतून गेला तर गोल, सहा गुण. उंच आणि बुटक्याच्या मधून गेला तर बिहाइंड, एक गुण. म्हणून स्कोअर असा लिहितात, ९.७ (६१), नऊ गोल, सात बिहाइंड, एकूण एकसष्ट.

तर त्या दिवशी तो कोट घातला, बाह्या दोनदा दुमडल्या आणि खांबाखाली जाऊन उभी राहिले. समोरच्या क्लबचे गोल अंपायर म्हंजे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा, शेतकरी, हाताची बोटं जाड आणि काळपट. त्यांना कळलं की माझी पहिलीच वेळ आहे, तर ते अख्खं मैदान चालत माझ्या टोकाला आले आणि दहा मिनिटांत मला सगळं शिकवलं. त्या दहा मिनिटांत जे कळलं त्यावर मी आजतागायत उभी आहे.

गोल कधी? आक्रमण करणाऱ्या टीमच्या माणसानं पायानं मारलेला पाहिजे, मधे कुणाच्या बोटाचासुद्धा स्पर्श नको, खांबाला लागायला नको, आणि अख्खा बॉल रेघेच्या पलीकडं गेला पाहिजे. रेघेवर रेंगाळलेला बॉल म्हंजे खेळ चालूच. हातानं ढकलून आत गेला, गुडघ्याला लागून गेला, बचाव करणाऱ्यानं स्वतःच आत नेला, सगळं बिहाइंड. उंच खांबाला नुसता चाटून गेला तरी बिहाइंड, मग तो पुढं गोलात का पडेना. बुटक्या खांबाला लागला तर बिहाइंड पण नाही, बॉल बाहेर.

मग म्हणाले, बॉल लांबून येत असेल तर बॉलच्या खाली जा, नाकासमोर ठेव. बाजूनं बघितलं तर डोळा फसवतो. घसटत येत असेल तर रेघेवर ये, एक पाय अलीकडं एक पलीकडं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फील्ड अंपायरनं "ऑल क्लिअर" म्हटल्याशिवाय बोट उचलायचं नाही. लोक ओरडतील, हॉर्न वाजतील, तू थांब. ऑल क्लिअर आलं की गोलला दोन्ही हातांची बोटं, बिहाइंडला एकाच हाताचं. मग झेंडे, गोलला दोन, बिहाइंडला एक. समोरच्या टोकाचा अंपायर तसेच झेंडे हलवून दाखवतो, म्हंजे त्याला पोचलं. आणि मग कार्डावर लिहायचं. आधी झेंडा, मग समोरचा झेंडा, मग पेन्सिल. पेन नाही, पेन पावसात पसरतं.

ती पेन्सिल हातात घेतली आणि मला अण्णा आठवले. माझे वडील. शिक्षक होते, पण मिरज तालुक्यात कुठंही कबड्डीचे सामने असले की गुणलेखक म्हणून अण्णांना बोलावणं यायचं. मी लहानपणी त्यांच्या टेबलाशेजारी बसून कित्येक सामने बघितले, खरं तर सामने नाहीच बघितले, अण्णांचा हात बघितला. रात्रीचे हॅलोजन, मातीचा वास, शिट्ट्या, आणि अण्णा मान वर करून फक्त पंचाच्या हाताकडं बघणार, आपल्या गावची पोरं कुठल्या बाजूला आहेत हे जणू त्यांना ठाऊकच नाही. पंचाचा हात खाली आला की मगच पेन्सिल टेकायची, आणि टेकताना आकडा ओठांत पुटपुटायचे. बारा. तेरा. चौदा. त्या दिवशी खांबाखाली मी तेच करायला लागले आणि आकडे मराठीत यायला लागले. अजून मराठीतच येतात.

एकदा उभी राहिले आणि मग दर शनिवारी माझंच नाव रोस्टरला. रीतसर करायचं म्हणून ऑनलाइन कोर्स केला, व्हिडिओ बघून गोल की बिहाइंड ते सांगायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची. लहान मुलं असतात तिथं काम करायचं म्हणून वर्किंग विथ चिल्ड्रन चेक पण काढला, आमच्या व्हिक्टोरिया राज्यात ज्यांचं काम विनामोबदला आहे त्यांना तो फुकट मिळतो, पाच वर्षं चालतो. हे सगळं दोन आठवड्यांत झालं, त्यात विशेष सांगण्यासारखं काय नाही.

सांगण्यासारखी आहे ती चूक. तिसरी की चौथी मॅच, मे महिना, बारीक पाऊस. मॅचचे चार क्वार्टर, म्हंजे चार भाग असतात, पहिला संपला की दोन्ही गोल अंपायर मैदानाच्या मध्यावर येतात आणि कार्डं ताडून बघतात. माझ्या कार्डावर आमच्या टीमचे २.३, समोरच्या अंपायरच्या कार्डावर २.४. एक बिहाइंड कमी. माझ्याच टोकाचा होता! झालं असं की बिहाइंड झाल्या झाल्या बचाववाला पटकन किक मारून खेळ सुरू करतो, आणि त्या दिवशी किक उलटी फिरून आली, लगेच गोल झाला, मी गोल लिहिला आणि त्याच्या आधीचा बिहाइंड लिहायचा राहूनच गेला. टाइमकीपरच्या खोलीतलं तिसरं कार्ड बघितलं, तिथं पण २.४. माझंच चुकलेलं. मला घाम फुटला बघा, त्या थंडीत. एक गुण कुणाच्या तरी खात्यातून मी पुसलाच होता जवळजवळ.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. झेंडा खाली आला की कार्ड लिहून होईपर्यंत डावा अंगठा त्या ओळीवरून काढायचा नाही. बॉल परत आला तर येऊ दे, अंगठा तिथंच. मॅच बघायची, पण अंगठ्याला माहीत पाहिजे की अजून एक लिहायचा आहे. लॅबमध्ये नमुन्याच्या बाटल्यांना लेबल लावताना मी हेच करते, मैदानावर आधी का सुचलं नाही कोण जाणे. नंतर माझं कार्ड चुकलेलं नाही.

एकदा क्लबात काम करायला लागलं की मग दिसायला लागतं की हे सगळं चालतं कुणाच्या जिवावर. गेटवर पैसे घ्यायला दोघं पहाटेच्या धुक्यात उभे. कँटीनला पाच-सहा जणी, एकीचं काम फक्त मीट पाय गरम ठेवणं, तो मांसाच्या सारणाचा पाय, इथं तो फुटीचा ठरलेला खाऊ, आणि सगळ्या देशात खपणारा फोर अँड ट्वेंटी पाय मूळचा आमच्या बेंडिगोचाच, १९४७ सालचा. मग ट्रेनर, म्हंजे व्यायाम घेणारे नव्हे, पोरांच्या घोट्याला पांढरी टेप गुंडाळणारे, जखम बांधणारे. पाणी घेऊन पळणारे. कोचचा निरोप घेऊन मैदानात पळणारा रनर. बाउंड्रीवर धावणारे. स्कोअरबोर्डवर पत्रे बदलणारी शाळेची पोरं, त्यांना एक चॉकलेट आणि चिप्सचं पुडकं.

आणि जर्सी धुणाऱ्या काकू. ह्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. शनिवारी संध्याकाळी तिन्ही टीमच्या जर्सी, साठाच्या वर होतात, तीन मोठ्या पिशव्यांतून घरी नेतात. आधी गार पाण्यात भिजवायच्या, रक्ताचे डाग गरम पाण्यानं पक्के होतात म्हणून. मग घासून, मशीनला, मग घराच्या मागं फिरत्या दांडीवर वाळत. मी एकदा मदतीला गेले होते, रविवारी सकाळी, दव अजून गवतावर, आणि त्या दांडीवर नंबर पाठीवर घेऊन सगळी टीम वाऱ्यावर गोल गोल फिरतीये. सत्तावीस वर्षं करतात हे काम. कुणाची जर्सी कुठं फाटली ते त्यांना तोंडपाठ, कुणाला कुठं लागलं तेही त्यावरून त्यांना आधी कळतं.

पैसे कुणालाच नाहीत का? तर तसं पण नाही. सीनियर टीममध्ये थोडेफार पैसे घेणारे खेळाडू असतात, सगळ्याच कंट्री लीगमध्ये असतात, त्यावर वरून मर्यादा घातलेली आहे आणि पॉइंट सिस्टिम आहे, प्रत्येक खेळाडूचे पॉइंट, क्लबातच लहानाचा मोठा झालेल्याचा एकच, बाहेरून आणलेल्याचे जास्त, आणि टीमची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर जाता कामा नये. म्हंजे श्रीमंत क्लबानं सगळेच भारी खेळाडू विकत आणू नयेत. मला हा नियम फार आवडतो. पण आमच्या रिझर्व्हला कुणालाच काही नाही. सुतारकाम शिकणारी पोरं, दूध काढून आलेले शेतकरी, चाळिशी ओलांडलेला एक शाळामास्तर, दोन भाऊ आणि त्यांचा बाप एकाच टीममध्ये. हेच लोक आठवडाभर एकमेकांच्या कुंपणाच्या तारा ओढायला जातात.

गुरुवारी रात्री क्लबरूममध्ये जेवण असतं, प्रॅक्टिस झाल्यावर टीम जाहीर होते. सुरुवातीला मी जात नव्हते, मला वाटायचं ते खेळाडूंचं आहे. तर सेक्रेटरी बाईंनी फोन केला, अगं गोल अंपायरचं नाव पण वाचतात. खरंच वाचलं. सीनियर, रिझर्व्ह, अंडर एटीन, नेटबॉलच्या टीम, आणि शेवटी गोल अंपायर म्हणून माझं नाव, उच्चार थोडा वाकडा, पण टाळ्या सगळ्यांना सारख्याच. मुलगी माझ्याकडं बघत होती.

लीगमुळं मी जेवढा मुलूख बघितला तेवढा नुसतं राहून बघितला नसता. मिटियामोला जाताना दोन्ही बाजूंना सपाट गव्हाची शेतं आणि मधेच सायलो. पिरॅमिड हिलची टेकडी तर खरंच पिरॅमिडसारखी, १८३६ साली मेजर मिचेल नावाचा सर्वेक्षक इथून गेला तेव्हा त्यानं हे नाव ठेवलं, आणि आता त्या गावात वराहपालनाच्या कामाला आलेली कितीतरी फिलिपिनो कुटुंबं राहतात, त्यांची पोरं मैदानात आणि बायका नेटबॉलच्या कोर्टाबाहेर. तिथं मी कोट घालून उभी असले की कुणी वळून बघत नाही.

न्यूब्रिजचं मैदान लॉडन नदीच्या अगदी काठावर. मोठमोठी रेड गमची झाडं, सावली, मला सगळ्यात आवडतं ते मैदान. पण नदीकाठाला जे भोगावं लागतं ते त्याला पण भोगावं लागतं. २०११ च्या जानेवारीत तिथं पूर आला होता, आणि मग माझा पहिला सीझन संपून महिना झाला असेल नसेल, २०२२ च्या ऑक्टोबरात परत आला. त्याच पुरात रोचेस्टर गाव बुडालं, इकडं लॉडनचं पाणी न्यूब्रिजमध्ये. पाणी ओसरल्यावर आमच्या क्लबातून दोन गाड्या मदतीला गेल्या, एकीत मी.

गाडीतून उतरले आणि वास आला. तो वास मला ओळखीचा होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात पाणी होतं, आई-अण्णा मिरजेला आत्याकडं, आणि मी इथं फोन हातात धरून बसलेली, तिकीट मिळून घरी पोचेस्तोवर अर्धी साफसफाई झाली होती. तेव्हा शिकले होते की चिखल ओला असतानाच काढायचा. वाळला की सिमेंट. न्यूब्रिजला मी हेच सांगितलं, आणि सगळ्यांना वरून खाली धुवायला लावलं, भिंती आधी, जमीन शेवटी. एका बाईनं विचारलं तुला कसं माहीत. मी सांगितलं. त्या बाईनं हातातला खराटा ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं, नदीचं नाव विचारलं, घर परत उभं राहिलं का विचारलं. जे क्लब सहा महिने एकमेकांना हरवायला धडपडतात त्या सगळ्यांच्या गाड्या त्या दिवशी तिथं लागल्या होत्या.

आता ते सांगते जे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

२०२३, ऑगस्ट, सीझनचा शेवट. रिझर्व्हची मॅच, आमच्याच मैदानावर. जिंकलो तर फायनल्समध्ये, हरलो तर घरी. शेवटचा क्वार्टर, आम्ही चार गुणांनी मागं. आणि आमच्या एका पोरानं, एकोणीस वर्षांचा, चाळीसेक मीटरवर मार्क घेतला, बॉल हातात असतानाच सायरन वाजला. नियम असा की मार्क आधीचा असेल तर किक मिळते. गोल झाला तर आम्ही दोननं जिंकणार. बिहाइंड झाला तर तीननं हरणार. मैदानावर सगळे थांबलेले, माणसं गाड्यांतून उतरून कुंपणाला येऊन उभी, आणि बॉल माझ्या टोकाला येणार.

त्यानं किक मारली. उंच. मी डावीकडं सरकले, बॉल नाकासमोर घेतला, तो माझ्या डाव्या हाताच्या खांबाकडं झुकत होता. वर, खांबाच्या अगदी टोकाजवळ, बॉलची गिरकी बदलली. एवढंच. सरळ उलट्या गिरक्या घेत येणारा बॉल एकदम तिरका गरगरला आणि बारीकसा टण् आवाज झाला, लोखंडी पाइपवर नखानं मारावं तसा. मग तो माझ्या मागं पडला, गोलाच्या बाजूलाच.

हॉर्न सुरू झाले होते. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली होती. फील्ड अंपायर माझ्याकडं पळत आला, काय दिसलं, विचारलं. मी म्हणाले खांबाला लागला. नक्की? नक्की. त्यानं ऑल क्लिअर दिलं. मी खांबावर हात आपटून दाखवला, मग एकच बोट. मग एकच झेंडा.

हॉर्न एक एक करत बंद होताना तुम्ही ऐकलेत का कधी? सगळ्यात लांबची गाडी शेवटी बंद झाली. समोरच्या टोकाला एक झेंडा हलला. मी पेन्सिल टेकवली, आकडा पुटपुटले, लिहिला. हात थरथरत होता पण आकडा नीट आला. कुंपणापलीकडून एक माणूस ओरडला, तू कुणाच्या बाजूची आहेस? आमच्याच क्लबातला, माझ्या मुलीला कितीतरी वेळा घरी सोडलेला माणूस. मी उत्तर दिलं नाही. कार्ड घेऊन टाइमकीपरच्या खोलीत गेले, तिन्ही कार्डं जुळली, सही केली. मग गाडीत जाऊन बसले आणि रडले.

गुरुवारी जावं की नको असं झालं होतं. नवरा म्हणाला, जा, नाही गेलीस तर वाटेल तुलाच खात्री नव्हती. गेले. जेवणाच्या रांगेत तो किक मारणारा पोरगा माझ्या मागं येऊन उभा राहिला, हातात ताट. म्हणाला, गिरकी बदललेली मला पण दिसली. एवढंच बोलला आणि बटाटे वाढून घेतले. ओरडणारा माणूस त्या रात्री माझ्याशी बोलला नाही, नंतरही त्याबद्दल कधी बोलला नाही. पण पुढच्या सीझनच्या पहिल्या होम मॅचला मी सकाळी माझ्या टोकाला गेले तर तो खांबांना गाद्या बांधत होता, माझ्या टोकाच्या चारी खांबांना, आणि रेघ नवीन मारलेली, ठळक पांढरी. तेव्हापासून ते काम त्यानं स्वतःकडं घेतलंय.

२०२४ च्या जुलैत आई-अण्णा आले. अण्णा अठ्ठ्याहत्तरचे, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पण म्हणाले मला मॅच बघायचीये. आई पांघरूण घेऊन गाडीतच बसली, हीटर लावून. अण्णांना मी टाइमकीपरच्या खोलीत बसवलं, ती लाकडी खोकीसारखी खोली, एक खिडकी, दोन खुर्च्या, घड्याळ आणि सायरनचं बटण. आमच्या टाइमकीपर आजी तिथं बसतात, त्यांनी अण्णांसाठी तिसरी खुर्ची आणवली, पायावर ब्लँकेट टाकलं. अण्णांना इंग्रजी समजतं, बोलायला लाजतात. खिशातून वही आणि पेन्सिल काढली.

मी माझ्या टोकाला गेले. लांबून ती खिडकी दिसत होती, टोपी घातलेली एक मान, एकदा या टोकाकडं, एकदा त्या टोकाकडं. मी झेंडा हलवला की मान खाली जायची. दुसऱ्या क्वार्टरला मला कळलं की मी झेंडे जरा जास्तच वर उचलतीये, त्यांना नीट दिसावेत म्हणून.

मॅच संपल्यावर कार्डं घेऊन खोलीत गेले. आजींचं कार्ड, समोरच्या अंपायरचं, माझं. सगळी सारखी. शेजारी अण्णांची वही, मधे रेघ मारून दोन बाजू केलेल्या, मराठी आकडे, गोलाला भरीव टिंब आणि बिहाइंडला पोकळ. आजींनी चष्मा वर करून ते बघितलं आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून विचारायला लागल्या, हा कितीचा? अण्णा म्हणाले, सिक्स. हा? नाइन. सीनियरची मॅच सुरू व्हायची होती, आजींनी घड्याळ बघितलं आणि बटणाकडं बोट दाखवलं. अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, दाबा, दोन सेकंद धरून ठेवायचं. ते खुर्चीतून उठून उभे राहिले, टोपी सरळ केली आणि मग बटण दाबलं.

घरी येताना अंधार पडला होता, मागच्या सीटवर आई आणि मुलगी दोघी झोपलेल्या. अण्णांनी वही अजून मिटली नव्हती. बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, तो खांबाला लागल्यावर एकच गुण, हे बरोबर नाही, नेम तर जवळजवळ बरोबर होता की त्याचा. मी म्हटलं, नियम आहे अण्णा. हं, म्हणाले. मग विचारलं, पुढच्या शनिवारी कुठं आहे?

पिरॅमिड हिल, मी म्हटलं, तासाच्या वर लागतो.

साडेसातला निघू, म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक आहे का ते अंगठ्यानं चाचपून बघितलं.